ऐकल्याशिवाय उघडायचं नाही

कारखान्यात त्याला सगळे ‘कान’ म्हणत, आणि तो ते नाव मिरवायचाही. कारखाना पंख्यांचा. तयार झालेला प्रत्येक पंखा खोक्यात जाण्याआधी शेवटच्या खोलीत यायचा. खोलीला जाड दार, भिंतींना फोम, मध्ये एक खुर्ची आणि खुर्चीत कान. पंखा सुरू करायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, पास की परत. बस, एवढंच काम. बेअरिंगमधली एखादी गोळी किंचित खडबडीत असली तर अगदी बारीक, सुईसारखा आवाज येतो. गिऱ्हाइकाला तो महिन्याभराने घरी ऐकू येतो आणि मग गिऱ्हाईक कंपनीच्या नावाने खडे फोडतं. कानाला तो जागच्या जागी ऐकू यायचा. खुर्चीशेजारी एक मोजयंत्रही होतं, गडबड असली की लाल दिवा लावणारं. त्याच्याकडे तो ढुंकूनही पाहत नसे. यंत्राला गोंगाट कळतो, आवाज कळत नाही, असं तो नव्या पोरांना सुनवायचा आणि पोरं मुकाट माना डोलवायची.

घरी एक जुनी सात आसनी गाडी होती. उंच, चौकोनी, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. तिला गॅरेजचं तोंड म्हणून दाखवायचं नाही हा कानाचा हट्ट. गॅरेजवाले आधी उघडतात आणि मग विचार करतात, याची त्याला भारी चीड. म्हणून घराचा नियम ठरला होता: ऐकल्याशिवाय उघडायचं नाही. दर रविवारी मागच्या अंगणात गाडीचं बॉनेट वर व्हायचं, कान लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून उभा राहायचा. तो बोट दाखवेपर्यंत कुणी पान्याला हात लावायचा नाही.

कुणी म्हणजे मास्तरीण. ही त्याची मुलगी, सोळा वर्षांची. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक तिचं तोंडपाठ आणि चुकलं की बापाचीही भीड ठेवायची नाही, म्हणून मास्तरीण. वाटणी सरळ होती. ऐकायचं त्याने, उघडायचं हिने. त्याचे पंजे रुंद, हिचा हात इंजिनाच्या कुठल्याही कोपऱ्यात शिरायचा. ऑइल, फिल्टर, पट्टे, दिवे, सगळं दोघांनी घरीच बदललं होतं. कोपरापर्यंत काळी होऊन ती जेवायला बसली की आई दोघांनाही उठवून परत मोरीत पाठवायची.

हे सगळं छान चाललं होतं असं म्हणता आलं असतं. पण गेल्या वर्षी एका दुपारी कानाने डोळे मिटून एक पंखा पास केला, डोळे उघडले तर लाल दिवा लागलेला. त्याने यंत्रालाच एक चापट मारली. पुढच्या पंख्याला पुन्हा तेच. सुट्टी टाकून, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा भागातल्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज शाबूत आहेत, बोलणं ऐकू येईल, पण बारीक आवाज गेले. वय झालं, त्यात आयुष्यभर पंखे. गेलेलं परत येत नाही.

तेव्हापासून तो डोळे पुरते मिटेनासा झाला. पापणीच्या फटीतून दिव्याकडे बघायचं आणि गंभीर चेहऱ्याने निकाल द्यायचा. गंमत बघा, तक्रारी एकानेही वाढल्या नाहीत. हे मात्र त्याच्या फार जिव्हारी लागलं.

खुर्ची जाण्याची त्याला एवढी भीती नव्हती. पंखे खोक्यात भरायचं काम कुणीही दिलं असतं. धास्ती होती ती मास्तरणीची. आपल्या बापाचा कान चुकत नाही, हे ती लहानपणापासून गावभर सांगत आली होती. शाळेत त्यावरून एकीशी झिंज्या धरून भांडली होती. तिच्या नजरेतून उतरायचं नाही, बाकी काय व्हायचं ते होवो, असं त्याने मनाशी पक्कं केलं. आणि माणूस एकदा असं ठरवून बसला की साध्या प्रश्नाला साधं उत्तर देईनासा होतो.

साधा प्रश्न आईने विचारला. ती रोज सकाळी गाडी घेऊन टेकडीखालच्या दवाखान्यात कामाला जायची. पुढून काहीतरी चिरकतंय, ती म्हणाली. मास्तरणीलाही तो आवाज आला होता, डाव्या चाकाकडून. मग रविवारी कान गाडीत बसला, काच खाली केली, हनुवटी वर करून गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. शेजारी बसलेली मास्तरीण त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याला इंजिन ऐकू येत होतं, टायर ऐकू येत होते, कुणाच्या तरी दाराची कडी ऐकू आली. चिरकणं काही आलं नाही.

“धूळ आहे,” तो म्हणाला. “ब्रेकमध्ये अडकलीय. धुऊन टाक.”

तिने चाकाच्या आऱ्यांमधून डोकावून पाहिलं. बाहेरचा ब्रेक पॅड चांगला जाड दिसत होता. तिने धुतलं. दोन दिवसांनी आई म्हणाली, अजून येतोय. चाक काढून बघू का, असं मास्तरणीने विचारलं, तर कान एकदम उखडला. मी ऐकलंय ना, ऐकूनच सांगितलंय ना, मग पुन्हा कशाला? तिला राग नाही आला, उलट आपणच घाई करतोय असं वाटलं. तो मात्र त्या रात्री नीट जेवला नाही.

मध्यंतरी आईने दवाखान्याच्या भिंतीला मागचा बंपर घासून आणला आणि मागे सेन्सर बसवा म्हणून तगादा लावला. बापलेक दुकानात गेले. दुकानदाराने दोन संच काढले. एकात छोटा पडदा, मागचं अंतर दिसणारा. दुसऱ्यात नुसता बझर, भिंत जवळ आली की बारीक आवाजात टीं टीं करणारा. कान सवयीने बोलून गेला, “पडदा कशाला? ऐकू येतं की आम्हाला.” मास्तरीण शेजारी उभी राहून दुकानदाराकडे अशी बघत होती की आता काय बोलतोस बोल. शब्द तोंडातून गेल्यावर कानाने पडद्याच्या संचाकडे पाहिलं, पण पिशवीत बझरच पडला.

तो रविवार सगळा मास्तरणीचा. तिने बंपरवर कागदी चिकटपट्टी लावली, उंची मोजून खुणा केल्या, ड्रिलने भोकं पाडली, कडा कानशीने साफ केल्या, सेन्सर दाबून बसवले. मागच्या पांढऱ्या दिव्याच्या वायरीला जोड दिला, म्हणजे रिव्हर्स टाकला तरच यंत्र जागं होणार. बझर मागच्या सीटशेजारी पत्र्याला चिकटवला. कानाला करण्यासारखं काही नव्हतं. तो वायरी धरून उभा राहिला, मधूनच “हं, हं” म्हणाला. मग ती बझरपाशी मागे बसली आणि तो चालवायला बसला. अंगणाच्या टोकाला सिमेंटचा पाण्याचा हौद होता. तिकडे गाडी न्यायची, बझर कधी वाजतो ते बघायचं, एवढंच.

रिव्हर्स पडला. गाडी सावकाश मागे निघाली. टीं. मग थोड्या वेळाने टीं. मग टीं टीं टीं. हौद जवळ येत गेला तसा बझर एकसारखा वाजू लागला, मधे खंडच नाही. मास्तरणीने आरशात बापाचा चेहरा पाहिला. शांत. शेवटच्या इंचापर्यंत नेऊन बघतोय, तिला वाटलं. दुसरा कुणी असता तर ती ओरडली असती. पण बझर वाजतोय हे कानाला काय सांगायचं? ती कौतुकाने हसलीसुद्धा. तेवढ्यात धाडकन आवाज झाला, गाडी हिसका खाऊन थांबली आणि दिव्याची काच खळकन खाली पडली.

कान ब्रेकवर पाय ठेवून, मान वळवून मागे बघत होता. आधी घाबरलेला, मग चिडलेला.

“वायर नीट जोडलीस का तू?” तो म्हणाला. “वाजलं का नाही ते?”

मास्तरणीने बझरकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“बाबा,” ती म्हणाली, “ते अजून वाजतंय.”

सबबी चार-पाच तयार होत्या त्याच्याकडे, वर्षभर त्याने त्या गोळा करून ठेवल्या होत्या. एकही कामाची नव्हती. त्याने गिअर काढला. आता बझर थांबला असावा, हेही त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग ती पुढे येऊन बसली आणि त्याने सांगितलं. दुपार, चापट, डॉक्टर, लाल दिवा, सगळं, क्रमाने, कुणा दुसऱ्याची हकीकत असल्यासारखं. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, “मग तो ब्रेकचा आवाज तुला आलाच नव्हता?”

“नाही.”

“आणि धूळ?”

“मनानेच सांगितलं.”

ती उतरली. जॅक आणला, डाव्या चाकाखाली लावला, पाना घेतला. त्याला विचारलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. ह्या घरात न ऐकता चाक उघडण्याची ती पहिलीच वेळ. पाना धरायला तो पुढे झाला, तर तिने पाठ वळवली. चाक निघालं, आतला पॅड तिने उपसून काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. वरचा घासणारा मसाला संपलेला, नुसतं लोखंड उरलेलं. पॅडला सरकू देणारी पिन गंजून अडकली होती, म्हणून आतला एकटाच घासत बसला आणि बाहेरचा नव्यासारखा राहिला. आऱ्यांमधून डोकावून ते दिसणारच नव्हतं. लोखंडाच्या कडेला एक छोटी पत्र्याची पट्टी होती, घासून चकचकीत झालेली.

“ही मुद्दाम बसवतात,” मास्तरीण म्हणाली. “पॅड संपला की ही ओरडते, म्हणजे माणसाला कळावं. आई रोज त्या उतारावरून जाते, बाबा.”

तिला रडू आलं, रागाचं. कानाला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. खुर्चीची वाटली नव्हती, डॉक्टरसमोर वाटली नव्हती. तो लोखंड हातात धरून उभा राहिला. ती म्हणाली, आईला आत्ताच्या आत्ता सांग. तो आत गेला आणि आईला सांगून आला. आई काय बोलली ते आपण इथे सांगत नाही. बोलली, आणि पुष्कळ बोलली. तिचं चुकलं असं तोही म्हणाला नाही.

कारखान्यातही त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग काय झालं, दिवा आहे ना, बसा त्याच्याकडे बघत. उठला तो कानच. दिव्याकडे बघायला मी कशाला, असं म्हणून पॅकिंगला गेला. अजून तिथेच आहे. हाक मात्र अजून ‘कान’ म्हणूनच मारतात, सवय जात नाही.

पण हे दुसऱ्या दिवशीचं झालं. त्या रविवारी संध्याकाळ होत आली तरी दोघं अंगणातच होते. मास्तरीण पिन घासून साफ करत होती, तो चिंधी देत होता. रडणं थांबलं होतं. शेवटी त्यानेच विचारलं. बिचकत विचारलं.

“कसा होता गं तो आवाज?”

तिने हातातली पिन खाली ठेवली. ओठ आवळले, गळ्याच्या शिरा ताणल्या. तो वाट बघत राहिला.

“काढ की,” तो म्हणाला.

“काढतेय.”

त्याने मान हलवली. ती थांबली, श्वास घेतला, आवाज थोडा खाली आणला. त्याने पुन्हा मान हलवली. तिने अजून खाली आणला. मग अजून. प्रत्येक वेळी त्याच्याकडे बघून, घाई न करता, एकेक पायरी उतरावी तशी ती खाली येत गेली, आणि तिच्या ओठांकडे बघत तो पुढे वाकत गेला. शेवटी तिच्या घशातून एक जाड, घोगरी घरघर निघाली.

“आला,” कान म्हणाला.

ब्रेक असा वाजत नाही हे त्याला माहीत होतं, आणि तिलाही. तरी तो म्हणाला, परत काढ, आणि तिने परत काढला.