परवा म्हणजे नेमकं कधी

मराठीत 'परवा' हा शब्द ज्याने काढला तो कधी भेटला, तर मी त्याला मैदानाला दहा चकरा मारायला लावीन, त्याही मस्कतच्या जूनमधल्या भर दुपारी. होऊन गेलेला दिवसही परवा आणि यायचा दिवसही परवा. घरातल्या बोलण्यात त्याने कुणाचं काही अडत नाही. माझं अडलं, आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या गोलकीपरचं.

मी बौशरमधल्या एका छोट्या खाजगी कॉलेजात वर्कशॉप शिकवतो. फुटबॉलचा कोच झालो तो माझ्या गावामुळे. वसईच्या ख्रिस्ती पोराला चालायला यायच्या आधी चेंडू मारता येतो, असं कुणीतरी प्राचार्यांच्या डोक्यात भरवलं होतं. पगार तोच, काम दुप्पट. जाळी मीच बांधतो, बर्फाची पेटी मीच उचलतो आणि हरल्यावर बोलणीही मीच खातो.

आमच्यासारख्या छोट्या कॉलेजांची एक लीग आहे. मॅच गुरुवारी संध्याकाळी. त्याआधी बुधवारी मी स्टाफच्या ग्रुपवर आठवड्याचे अंदाज टाकतो: कोण जिंकणार, किती गोलांनी, आणि वर दोन टोमणे. अंदाज बहुतेक वेळा साफ आपटतात, पण वाचतात सगळे. त्यात मी एक पथ्य पाळत आलो होतो. स्वतःच्या टीमचा अंदाज कायम हरण्याचा लिहायचा, म्हणजे नजर लागत नाही. पोरंही वॉर्मअपच्या वेळी विचारायची, "सर, आज किती गोलने हरवलं आम्हाला?"

त्या आठवड्यात मात्र मी लिहिलं, आम्ही दोन-शून्यने जिंकणार, आणि आमच्या गोलात चेंडू जाणारच नाही. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "आता दृष्ट काढायला मिरच्या कुठून आणू? संपल्यात."

मला एवढा माज चढला होता तो गोलकीपर परत मिळाला म्हणून. पोरगा मूळचा रत्नागिरीकडच्या मुसलमान घरातला. आई गावी, हा शाळेपासून अल हैलला मामाकडे, आणि बाप रुसैलच्या एका गोदामात कामाला, राहायला कंपनीच्या खोलीत. बापलेकांची भेट शुक्रवारची. पोराचं मराठी अडखळत चालतं, इंग्रजीच्या काठीवर. पण गोलात उभा राहिला की त्याचा आवाज अख्ख्या मैदानाला पुरतो. बचावाच्या फळीला तो अरबीत दम भरायचा आणि ओमानी पोरं निमूट ऐकायची.

त्याने मधेच एक विषय सोडला होता. लीगच्या यादीत नाव हवं तर चार विषय शिकत असायला हवेत, हा नियम. याच्याकडे उरले तीन. तीनवाला खेळला आणि पकडला गेला, तर मॅच समोरच्यांना बहाल आणि तो खेळाडू वर्षभर बाद. उपाय एकच होता, उशिरा घेता येतो असा एक विषय घ्यायचा आणि त्यावर त्याच्या सल्लागार मॅडमची सही आणायची. मॅडम ओमानी, भल्या बाई, पण सापडायच्या म्हणजे नशीब लागायचं.

मंगळवारी तो मला जिन्यात भेटला. मी घाईत होतो.

"काय रे, सहीचं काम?"

"परवा, सर."

"शाब्बास," म्हणून मी दोन-दोन पायऱ्या उतरत गेलो. रविवारी झालं म्हणजे, सुटलो. इथला आठवडा रविवारी सुरू होतो आणि मॅडम त्या दिवशी बसतात हे मला माहीत होतं, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. त्याच संध्याकाळी मी यादी पाठवली, खाली सही करून, की सगळे खेळाडू नियमात बसतात.

माझ्या प्रश्नात क्रियापद नव्हतं आणि त्याच्या उत्तरातही नव्हतं. एक 'झालं' किंवा एक 'होईल' कुणाच्या तोंडून निघालं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं.

गुरुवारी मैदानावर पोचलो तर त्याचा बाप आधीच आलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच. माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला.

"सर, आलो एकदाचा. अर्बाबला, मालकाला म्हटला, इतकी वरसं कदी काय मागितला नाय, आज एक सांज दे. शनवारचा विमान हाय माजा. फायनल एक्झिट. आता परत येना नाय. पोराला खेळताना कदी बगितलाच नाय बगा. तो फोनवर सांगतो, मी ऐकतो."

"आज डोळ्यांनी बघा," मी म्हटलं. "आज एक गोल जाणार नाही."

तो हसत हसत स्टँडच्या पायऱ्या चढला आणि अगदी वर, मधोमध जाऊन बसला.

मी खूश होतो. पोरगा हिरव्या जर्सीत पाय ताणत होता. सहज विचारलं, "नवा विषय कसा आहे? बसलास का वर्गात?"

"कुठे सर, मॅडम आज आल्याच नाही. लीव्हवर आहे. आता संडेला साइन देणार, इन्शाल्ला."

"आज? तू तर परवा म्हणालास!"

"हो ना सर. ट्यूजडेला म्हटलं, परवा. म्हणजे थर्सडे. टुडे."

यादीखालची माझी सही डोळ्यांपुढे आली. मग संताप आला, असा की हातातली बाटली मी जमिनीवर आपटली. त्याच्यावर ओरडावं तर तो व्याकरणाने बरोबर. स्वतःवर ओरडावं तर मीही बरोबर. त्याला तर यात काही बिघडलंय हेच कळलं नव्हतं. सही कधी का होईना, अर्ज तर केलाय, असं त्याच्या मनात.

मी बाजूला जाऊन मॅडमना फोन लावला. त्या दूर निझवाला होत्या, आई आजारी. "संडे, इन्शाल्ला, सकाळी सगळ्यात आधी तुमचं काम," म्हणाल्या. मागे कुणीतरी कण्हत होतं, मला पुढे बोलवेना. मग कॉलेजच्या नोंदणी ऑफिसातल्या माणसाला लावला. तो गाडी चालवत होता. "खलास, कोच," तो म्हणाला. "सिस्टीम बंद. संडे."

मॅचचे अधिकारी एक वयस्कर ओमानी गृहस्थ होते, पांढरी शुभ्र पायघोळ दिशदाशा, बोलणं मऊ. त्यांनी माझी यादी हातात धरून विचारलं, "काही बदल, कोच?" आणि त्यांच्या खांद्यामागे समोरच्या टीमचा कोच उभा. हा माणूस गोल मोजायच्या आधी यादी वाचणारा. मागच्या मोसमात याच नियमावर त्याने एका टीमला घरी पाठवलं होतं.

तरीही, खरं सांगतो, माझी जीभ 'काही नाही' म्हणायला वळली होती. रविवारी सही होणारच. तीन दिवसांचा प्रश्न, कोण खणत बसणार? वर बघितलं, बाप दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पुढे वाकून बसला होता. पण खणलं असतं तर मॅच गेली असतीच, आणि पोरगं वर्षभर बाहेर. एका संध्याकाळपायी त्याचं वर्ष जुगारावर लावायचा हक्क मला कुणी दिला? मी त्या शब्दाला, त्या नियमाला आणि स्वतःच्या दोन-शून्यला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"एक बदल," मी म्हटलं.

मग पोराकडे जाऊन सांगितलं, आज तू बाकावर. आधी त्याला वाटलं मी चिडवतोय.

"सर, अब्बा आलेत."

"माहीत आहे."

"फक्त फर्स्ट हाफ, सर. कोण बघतो?"

"बघितलं तर वर्षभर तू बाहेर. कळतंय का?"

"मग पुढच्या वीकला खेळून काय करू? अब्बा तर परवा जातात."

या वेळी 'परवा' म्हणजे कधी, हे विचारावं लागलं नाही. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी म्हटलं, "जर्सी दे."

हिरवी जर्सी आमच्याकडे एकच. त्याने ती काढली आणि बदली गोलकीपरला दिली. हा एक उंच, लाजाळू ओमानी मुलगा, खरं तर बचावातला, गोलात हौसेपुरता उभा राहणारा. दोघांची उंची सारखी, बांधा सारखा. तो धावत गोलाकडे गेला आणि स्टँडमध्ये बाप उठून उभा राहिला. त्याने हात हलवला. बदली गोलकीपरला ते दिसलंही नाही.

आता वर जाऊन त्या माणसाला सांगायला हवं होतं. मी दोन पावलं गेलो आणि शिट्टी वाजली.

आम्हाला पुढच्या फेरीसाठी बरोबरी पुरे होती, पण समोरचे पहिल्या मिनिटापासून अंगावर आले. आमचा पोरगा बाकावर बसलाच नाही. रेषेपाशी उभा राहून हात लांब करून ओरडायला लागला, "यसार! यसार!" बदली गोलकीपर डावीकडे झेपावला, चेंडू त्याच्या बोटांना लागून बाहेर गेला. वर एकटा बाप उभा राहून टाळ्या वाजवत होता.

"अब्बांना वाटतंय मीच आहे," पोरगा म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

"मध्यंतरात सांगू या."

"नको सर. वाजवू दे."

आणि तो पुन्हा ओरडायला लागला. "यमीन!" म्हटलं की तो लाजाळू मुलगा उजवीकडे. "पुढे ये!" म्हटलं की पुढे. पंचांनी एकदा दटावलं, मग त्याने आवाज कमी केला आणि हात वाढवले. प्रत्येक वेळी वर टाळ्या. त्या टाळ्या मला काट्यासारख्या टोचत होत्या. एकदा मात्र अगदी जवळून मारलेला फटका गोलकीपरच्या पायाला आपोआप लागून उडाला. निव्वळ नशीब, पण अख्खं स्टँड उठलं. बाप तेवढा बसून राहिला. मला वाटलं, बिचाऱ्याला खेळातलं फार कळत नसावं.

मध्यंतरानंतर आम्ही एक गोल खाल्ला, आणि मग कसाबसा एक केला. शेवटची मिनिटं मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. समोरच्यांचा एक चेंडू आडव्या दांडीवर आपटून मागे गेला तेव्हा मी वसईच्या आमच्या बोलीत जे काही बोललो, ते रविवारी चर्चमध्ये सांगण्यासारखं नाही. शिट्टी वाजली. एक-एक.

पोरांनी त्या लाजाळू मुलाला खांद्यावर घेतलं. बाप हळूहळू पायऱ्या उतरून आला. मी बर्फाच्या पेटीत डोकं घातलं, काहीतरी शोधतोय असं दाखवत. तो हिरव्या जर्सीकडे गेला नाही. सरळ बाकापाशी आला. मला वाटलं, जवळून चेहरा दिसला, कळलं. पण त्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरा खेळलास." पोराने माझ्याकडे बघितलं. मी पेटी बंद केली. दोघं गेटकडे चालत गेले, बाप पुढे, लेक त्याची पिशवी घेऊन मागे.

माझा अंदाज चुकला म्हणून ग्रुपवर माझी यथेच्छ खेचली गेली. शुक्रवार-शनिवार घरात नुसता चिडचिड करत फिरलो. त्या माणसाला मॅचभर खोटा मुलगा दाखवून आपण विमानात बसवलं, हे मनातून जाईना. बायको म्हणाली, "तू काय मुद्दाम केलंस?" मुद्दाम नव्हतं म्हणून कमी लागतं, असं थोडंच आहे.

सोमवारी पोरगा वर्कशॉपमध्ये आला. मी लेथ बंद केला.

"सर, सही झाली. काल झाली."

"बरं. आणि अब्बा?"

"परवा गेले."

दोन्ही वेळा त्याने क्रियापद लावलं होतं. दुसऱ्या वेळी नसतं लावलं तरी मला कळलं असतं.

तो जाईना. टेबलावरचा लोखंडाचा कीस बोटाने गोळा करत राहिला.

"सर, त्यांना माहीत होतं. फर्स्टपासून. एअरपोर्टवर बोलले. म्हणाले, हिरव्या शर्टवाल्याला सांग, तुजा सगळा ऐकलान, चांगला पोर हाय."

"मग टाळ्या?"

"मी पण तेच विचारलं." त्याने कीस एका बाजूला सारला. "म्हणाले, मी वरून तुलाच बगत होतो. तू हात दाखवायचास, तितं तो गेला की वाजवायचो."

पायाला लागून उडालेला तो चेंडू मला आठवला, आणि तेव्हा बसूनच राहिलेला बाप. पाठ फिरवून मी लेथ पुसायला घेतला. पुसायला त्यावर काही नव्हतं.

"गुरुवारी वेळेवर ये," मी म्हटलं. "आणि गुरुवार म्हणजे थर्सडे."

"हो सर," तो म्हणाला, आणि हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही.