कुलूपवाल्याची वेबसाइट

ग्रंथालयाच्या कचेरीत त्याला सगळे कुलूपवाला म्हणायचे. बोलक्या पुस्तकांची वेबसाइट त्यानं एकट्यानं उभी केली होती. वेबसाइट म्हणजे तरी काय, दहा ठिकाणचे प्रोग्रामचे तयार तुकडे आणून मांडलेला संसार! ते तुकडे बनवणारे रोज काहीबाही बदलत बसतात. म्हणून कुठल्या तुकड्याची कुठली आवृत्ती घ्यायची, हे त्यानं एका फाइलीत पक्कं कुलूपबंद केलं होतं. "नवं दिसलं की घेतलंच पाहिजे का रे?" असं तो बरोबरच्यांवर खेकसायचा.

त्याला कारण होतं. वडिलांची दृष्टी गेली होती. संगणक बोलून सांगेल तसा कीबोर्ड चाचपत ते याच वेबसाइटवर आपलं पुस्तक आपण लावायचे, कुणाला हाक न मारता. तेवढाच काय तो त्यांचा तोरा उरला होता.

पुढं त्याची दुसऱ्या खात्यात बदली झाली, आणि त्याच्या जागी आलेल्या शहाण्यानं ती फाइलच उडवली. का? तर म्हणे, "दादा, हजारो ओळींची अडगळ नुसती! कुणी वाचत नाही. आणि ती परत आपोआप तयार होते की."

होते ना बाबा, होते! पण नव्या आवृत्त्यांची होते. नव्या तुकड्यातलं 'ऐका' हे बटण फक्त माऊसनं दाबलं जायचं, कीबोर्डनं नाही. डोळसांना फरक कळला नाही, मग तक्रार कोण करणार?

"जुनी फाइल परत ठेव रे, हात जोडतो," कुलूपवाला फोनवर काकुळतीला आला.

"बघू दादा, पुढच्या तिमाहीत."

त्याचा स्वतःचा पासवर्ड बदलीबरोबरच बंद झाला होता. चुटकीसरशी होणारं काम, आणि हात बांधलेले. असा संताप आला त्याला!

घरी वडील पुन्हापुन्हा कळा दाबत बसले होते. "बोटं ऐकत नाहीत रे आताशा. विसरायला लागलो मी."

"बाबा, तुमचं काही चुकत नाहीये. वेबसाइटच बिघडलीय."

वडील हसले. "उगाच समजूत नको काढूस. तू केलेली आहे ती. ती कशी बिघडेल?"

त्यानं परोपरीनं सांगितलं, पण छे! शेवटी त्यानं माऊसनं पुस्तक लावून दिलं. वडिलांनी कीबोर्ड चाचपला आणि त्याच्याकडे सरकवला.

"आता तूच लावून देत जा," ते म्हणाले.