कोपराची साक्ष

त्यांना सगळे वैद्य म्हणत. औषधाची गोळी त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नव्हती, स्वतःही घेत नसत. पण गाडी आजारी पडली की लोक ती त्यांच्या गॅरेजात आणत. ते बॉनेट उघडत, इंजिनाच्या पाइपांना हात लावत, डोळे मिटत आणि निदान सांगत. डोळे मिटण्याची निदानाला काही गरज नव्हती, गिऱ्हाइकाला होती.

हात हेच त्यांचं भांडवल. त्यांची लेक आठ वर्षं त्यांच्याबरोबर गॅरेज चालवत होती, म्हणजे निम्म्याहून जास्त काम तीच करत होती. तिनं एकदा तापमान मोजायची गन आणली. पाइपावर रोखायची, घोडा दाबायचा, आकडा वाचायचा. वैद्यांनी ती कौतुकानं हातात घेतली आणि खिळ्याला टांगली. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" म्हणाले. त्यापुढचं वाक्य गावातल्या प्रत्येक गाडीवाल्याला पाठ होतं : "ज्या दिवशी हा हात चुकेल, त्या दिवशी शटर ओढीन आणि घरी बसेन." इतकी वर्षं ऐकून त्या वाक्यातला धाक गेला होता. रोजच्या कुत्र्याच्या भुंकण्यातला जातो तसा.

मग नर्सबाईंची गाडी तिसऱ्यांदा आली.

नर्सबाई प्रसूतिगृहात नोकरीला होत्या. ज्यांना न्यायला कुणी येत नाही, अशा बाळंतिणींना त्या स्वतःच्या गाडीतून घरी पोचवत. हे कुठल्या नियमात बसत नव्हतं, पण नियम करणाऱ्यांपैकी निम्मे त्यांच्याच हातावर जन्मलेले असल्यामुळे कुणी बोलत नसे. थंडी अशी पडली होती की सकाळी काचेवरचा बर्फाचा पापुद्रा खरवडावा लागे, आणि त्यांच्या गाडीचा हीटर गार वारा सोडत होता.

"वैद्य, काल एका बाळंतिणीनं विचारलं, बाई, एवढ्या थंडीत पंखा कशाला लावलाय? काय सांगू मी तिला?"

"सांगा, काम चालू आहे."

"पंधरा दिवस? तेवढ्यात मी सात पोरं जगात आणली."

हीटरची रचना तशी सरळ असते. इंजिनातलं गरम पाणी एका पाइपानं डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत जातं, तिला तापवतं आणि दुसऱ्या पाइपानं परत येतं. पंखा त्या जाळीवरून हवा फेकतो. पहिल्या खेपेला वैद्यांनी दोन्ही पाइपांना हात लावून सांगितलं होतं, "दोन्ही गरम. पाणी फिरतंय. दोष आतल्या पडद्यात." हवा गरम बाजूला वळवणारा तो पडदा त्यांनी साफ केला. दुसऱ्या खेपेला पुन्हा हात, पुन्हा "दोन्ही गरम", आणि अख्खा डॅशबोर्ड काढून पडदाच बदलला. परत बसवताना दोन स्क्रू उरले, पण ते नेहमीच उरतात.

आता तिसऱ्यांदा इंजिन चालू होतं. वैद्यांनी हात लावला, डोळे मिटले.

"दोन्ही गरम."

लेकीला महिन्याभरापासून शंका होती. धगधगता पाइप ते दाराची मूठ धरावी तसे धरत, हे तिनं पाहिलं होतं. गन चार पावलांवर टांगलेली होती. पण ती काढायची म्हणजे त्या वाक्याला हात घालायचा, आणि वडील बोलल्याप्रमाणे वागणारे. शटर खरंच ओढलं असतं आणि घरी बसून आठवड्याभरात आईचा मिक्सर दुरुस्त करून ठेवला असता, कायमचा.

तेवढ्यात चहा आला. स्टीलचे पेले, काठोकाठ. नर्सबाईंनी आपला पेला उचलला आणि "अगंबाई!" म्हणून तसाच खाली ठेवला. पदरात धरून पुन्हा उचलला. वैद्य आपला पेला मुठीत घेऊन शांतपणे पीत उभे होते.

नर्सबाईंनी पेल्याकडे पाहिलं. मग मुठीकडे.

"वैद्य, चटका नाही बसत?"

"चाळीस वर्षं गरम लोखंड धरलंय. सवय आहे."

"सवय नव्हे ती. बोटं बधिर झालीत तुमची. उद्या सकाळी उपाशीपोटी या, साखर तपासू." नर्सबाई बाळाचं वजन सांगावं त्या सुरात बोलत होत्या. "तुम्हाला पाइप गरम लागत नाहीत. गरम असतील असं वाटतं, एवढंच."

वैद्यांनी पेला ठेवला आणि शटरकडे एकदा पाहिलं. लेकीनं ते पाहणं पाहिलं.

"म्हणजे हात चुकला," वैद्य म्हणाले.

"चुकणारच. बाळाच्या अंघोळीचं पाणी कुणी तळहातानं बघतं का? तळहात निबर असतो, त्याचा काय भरवसा! कोपर लावतात. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. करा बाही वर."

वैद्यांनी आयुष्यात गिऱ्हाइकाचं ऐकलं नव्हतं. पण नर्सबाईंच्या आवाजात असं काही होतं, की मोठमोठी माणसं पालथी होऊन इंजेक्शनला तयार होत. त्यांनी बाही वर केली आणि कोपर वरच्या पाइपाला टेकवलं.

"आई गं!"

असा शब्द त्या गॅरेजात त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. लेक धावली. पण वैद्यांच्या चेहऱ्यावर, बक्षीस लागलेल्या माणसाच्या असते तशी कळा होती. त्यांनी कोपर खालच्या पाइपाला लावलं. या वेळी डोळे उघडे होते.

"वरचा कढत. खालचा गारढोण. पाणी आत जातंय, बाहेर येत नाहीये. जाळी तुंबलीय!"

लेकीनं गन काढली. वर ब्याऐंशी, खाली बावीस.

"गन बरोबर आहे," वैद्यांनी प्रमाणपत्र दिलं.

इंजिन थंड होऊ दिलं, दोन्ही पाइप सोडवले आणि लेकीनं नळाचं पाणी परतीच्या तोंडातून उलटं सोडलं. आधी काहीच आलं नाही. मग एक गुळणी आली आणि बादलीत तपकिरी चिखल पडू लागला.

"मागच्या वर्षी रेडिएटर गळत होता," नर्सबाई आठवून म्हणाल्या. "माझ्या दिरांनी कसलीशी पूड ओतली होती. म्हणाले, रामबाण आहे."

"होती," वैद्य म्हणाले. "जिथे लागायला नको तिथेही लागली."

पाणी स्वच्छ आल्यावर पाइप जोडले, नवं कूलंट भरलं, आत अडकलेली हवा काढली. दहा मिनिटांनी नर्सबाईंनी गाडीत बसून हीटरच्या वाऱ्यासमोर कोपर धरलं. बराच वेळ धरलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "एका दिवसाच्या बाळाला चालेल."

दुसऱ्या दिवशी वैद्य रक्त देऊन आले आणि आठच्या ठोक्याला त्यांनी गॅरेज उघडलं. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या कामाच्या सदऱ्याची उजवी बाही कोपराच्या वर कापलेली होती, कात्री जराशी तिरकी गेलेली.

"बाबा, ते शटर ओढायचं म्हणत होतात ना?" लेकीनं विचारलं.

"ओढलं की काल संध्याकाळी," वैद्य म्हणाले. "ती गन आण इकडे. आधी मी सांगतो, मग तू वाच."