काळ्या वाळूची पांढरी पूड

ओल्या काळ्या वाळूचा लोखंडी वास मला अजून आठवतो. आमच्या किनाऱ्यावरची ती वाळू वर्षानुवर्षे परमुलखात जायची आणि पांढरा रंग होऊन डब्यांतून परत यायची.

आता रंगाची पूड करणारा कारखाना गावातच उभा आहे. तो सुरू झाला त्या सकाळी पुडीचा पहिला घाणा निघाला. तो पिवळट ठरता, तर कारखाना बंद पडून इथे कामाला लागलेल्या बायकांच्या डोक्यावर पुन्हा वाळूची घमेली आली असती.

“यंत्राला काय कळतंय पांढरं!” असे रंग तपासणाऱ्या यंत्राकडे बघून म्हणत, कालपर्यंत वाळू वाहणाऱ्या सुलभावहिनींनी केसांतले अनंताचे फूल काढून पुडीशेजारी ठेवले. काळोखाच्या पोटातला उजेड आपल्याच अंगणात उमलावा, याहून वेगळे मागणे ते कोणते?

“वहिनी, जास्त पांढरं कोण?” मी विचारले.

फूल पुन्हा माळत त्या म्हणाल्या, “पूड!”