आत्याच्या घरावरून जाणारा रस्ता बघायला

"बठ्ठं घर जाई म्हणतस, भाऊ. तू एकदा ये," सगळं घर रस्त्यात जाणार म्हणतात, असा आमच्या अहिराणीत सुमनआत्याचा फोन आला आणि आबांनी मला लगेच गाडी काढायला सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. एरंडोलला शेती करतात. त्यांची ही धाकटी बहीण लग्न होऊन मुंबईकडच्या पडघ्याच्या आत एका खेड्यात गेली. मुंबईला बाहेरून वळसा घालून विरारकडून अलिबागकडे मोठा रस्ता होणार आहे, त्याच पट्ट्यात पुढेमागे रेल्वेही. तो रस्ता आत्याच्या घरावरून जातो का, एवढंच बघून यायचं होतं.

सकाळी लवकर निघालात तर धुळ्यापर्यंत कुठे अडत नाही. तिथून आग्रा महामार्ग धरला की सरळ नाशिक. टोलनाके बरेच आहेत, फास्टॅग भरून ठेवा. चांदवडजवळच्या धाब्यावर शेवभाजी घेतली. शेव बरी होती, रस्सा आपल्याकडचा नव्हता. आबांनी घरची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी फडक्यातून सोडली. कसारा घाटात ट्रकच्या मागे रांगत जायची तयारी हवी. पडघ्यापासून आत वळल्यावर गोदामंच गोदामं. मॅपने दोनदा आम्हाला गोदामाच्या फाटकाशी नेऊन सोडलं.

घरामागच्या भातखाचरात रंग लावलेला एक दगड रोवला होता. आत्या म्हणाली, हा रस्त्याचा. काका, म्हणजे आत्याचे यजमान, म्हणाले, रेल्वेचा. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "विजेच्या तारांचा आहे तो, दोन्हींचा नाही." अंगणात विटा रचलेल्या होत्या. सुनेसाठी नवं स्वयंपाकघर बांधायचं ठरलं होतं आणि या दगडामुळे काम थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्यासाठी जमीन घेणाऱ्या सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने शांतपणे संगणकावर नकाशा उघडला.

"तुमच्या जमिनीचा गट रस्त्याच्या पट्ट्याला लागून आहे."

"लागून म्हणजे आत की बाहेर?" मी विचारलं.

"पुन्हा मोजणी होईल, तेव्हा नक्की सांगता येईल. तो दगड आमचा नसावा." मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला. "असूही शकतो," तो म्हणाला.

संध्याकाळी ओट्यावर आबा एकदम बोलले. "सुमे, एरंडोलले चाल. मन्हा मळाना कोपरा तुले दिधा. तठे घर बांध."

आत्याने अंगणातल्या विटांकडे बघितलं. मग म्हणाली, "आनि रस्ता नहीच उना तर? मंग मी कोठली, भाऊ?" रस्ता आलाच नाही तर ती ना इकडची ना तिकडची.

काका उठून खाचराकडे गेले. या गावात जन्मलेला माणूस. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

परत निघायच्या सकाळी आत्याने गवंड्याला बोलावून काम सुरू करायला सांगितलं. धुळ्याला चहाला थांबलो तेव्हा आबा म्हणाले, "ती येई का रे?" ती यावी असं त्यांना वाटतंय की येऊ नये असं, मला कळलं नाही.

माझाही गोंधळ सांगून टाकतो. हा रस्ता झाला तर आपल्याला मुंबईत न शिरता अलिबाग गाठता येईल. मी फिरणारा माणूस, मला तो हवा आहे. पण त्यावरून गाडी हाकताना आत्याचं स्वयंपाकघर कुठे होतं ते शोधत बसेन, हेही खरं. तुमच्यापैकी कोणी विचारलंत की रस्ता कधी होणार, तर मला माहीत नाही.

आता तिकडे स्वयंपाकघराची भिंत खिडकीपर्यंत आली आहे. इकडे बाकी मळ्यात कापूस लागला, पण आबांनी विहिरीकडचा कोपरा मोकळा ठेवला. आईने कारण विचारलं तर म्हणाले, "राहू दे तसाच." बहीणभाऊ रोज फोनवर बोलतात. ती कोपऱ्याचं विचारत नाही, ते भिंतीचं विचारत नाहीत.