काचेच्या डबीतली चावी

रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझी मावशी चाव्या कापायचं मशीन बंद करायची. समोर गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी. अर्धी कापलेली चावी पकडीत तशीच राहायची आणि मावशी मान वर करून गल्लीच्या तोंडाकडे बघायची. तिथून नीट भांग पाडलेले, काखेत फाईल धरलेले एक गृहस्थ बाहेर पडत आणि तिच्या टपरीसमोरून खाली मान घालून जात. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मशीन बंदच.

"आज पाच मिनिटं उशीर झाला सोळा कॅमेऱ्यांना," शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा.

"पोटात दुखत असेल."

"तुमच्याच नजरेनं दुखत असणार, मावशी."

"तुझ्या तोंडात साखर पडो."

सगळं जग तिला मावशीच म्हणायचं. मी तिची खरीखुरी भाची, म्हणून मला एवढंच जास्त ठाऊक होतं की तिची टपरी आधी बाजारात होती आणि चांगली चालायची. तिथून उठून ती या आडबाजूच्या गल्लीच्या तोंडाशी आली. जागा निवडताना लोक गिऱ्हाईक बघतात. मावशीने वैरी बघितला.

ते गृहस्थ म्हणजे ताईच्या शाळेचे व्यवस्थापक. ताई ही मावशीची एकुलती एक मुलगी. ती दहा वर्षांची असताना एका दुपारी शाळेच्या पुढच्या जिन्याखाली विजेची पेटी पेटली. धूर वर चढला. चित्रकलेच्या बाई वर्गाला घेऊन मागच्या जिन्याने खाली उतरल्या. तिथे लोखंडी जाळीचं दार होतं, दाराला कुलूप होतं आणि शेजारच्या भिंतीवर काचेच्या डबीत त्याची चावी. वर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'संकटकाळी काच फोडा'. बाईंनी चपलेने काच फोडली. चावी कुलपात गेली, पण फिरेना. मागून मुलं लोटत होती. ताई सगळ्यांत पुढे होती, तिचा उजवा हात जाळीत अडकला. रस्त्यावरच्या माणसांनी बाहेरून कोयंडा तोडला, सगळी मुलं जिवानिशी सुटली. ताईची तीन बोटं मात्र कायमची वाकडी झाली.

आठवड्याने पालकसभा भरली. व्यवस्थापकांनी भिंतीवर मोठा पडदा लावून शाळेचे नवे कॅमेरे दाखवले. सोळा. फाटक, पटांगण, जिना, सगळं चौकोनाचौकोनांत दिसत होतं. पालक माना डोलावत होते.

मावशी उठली. "कॅमेरा दार उघडतो का?"

"बाई, मागच्या दाराला कुलूप तुम्हा पालकांनीच मागितलं होतं. बाहेरची माणसं आत येतात म्हणून. अर्जावर तुमचीही सही आहे."

"कुलूप मागितलं होतं, साहेब. खोटी चावी नव्हती मागितली."

"चावी योग्यच होती. शिक्षिका घाबरल्या, त्यांना ती फिरवता आली नाही."

अहवालातही तेच उतरलं. बाईंना काढून टाकलं. दार, कुलूप, डबी हे सगळं तर आग लागली त्याच संध्याकाळी नवं बसवून झालं होतं, त्यामुळे पडताळून बघायला काही उरलंच नव्हतं. उरली होती फक्त चावी. ती बाईंच्या मुठीत राहून गेली होती. काढून टाकल्यावर त्या मावशीकडे आल्या आणि चावी तिच्यासमोर ठेवली. "मी घाबरले होते, हे खरं. पण ती फिरतच नव्हती हो."

मावशीने ती उजेडात धरली. दातांत जुना गंज, चार-पाच वर्षांचा. त्या दाराचं कुलूप तर नवंकोरं होतं. म्हणजे जुनं गंजलं म्हणून सुट्टीत कुणीतरी कुलूप बदललं आणि डबीतली चावी बदलायची राहिली. त्याच कंपनीचं कुलूप, म्हणून ती आत तेवढी गेली.

"कुलूप नवं होतं हे तुला कसं माहीत?" मी एकदा विचारलं.

ती हातातल्या चावीवर कानस घासतच म्हणाली, "मी बघितलं होतं गं. महिनाभर आधी, ताईचं प्रगतिपुस्तक आणायला गेले तेव्हा. लोक माणसांचे चेहरे बघतात, मी कुलपं बघते. नवं कुलूप, गंजकी चावी. मनात आलंसुद्धा. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू." मग ती कानस खाली ठेवून म्हणाली, "माझं मी बघून घेईन. पण त्याच्या तोंडून मला एक वाक्य ऐकायचंय. चावी चुकीची होती. बस."

ती चावी तिने टपरीच्या दर्शनी भागात खिळ्याला टांगली. खाली पुठ्ठा, 'या चावीचं कुलूप दाखवा'. अकरा वर्षं ते गृहस्थ त्या पुठ्ठ्यासमोरून गेले. दुसरा रस्ता नव्हता, ते आधी बघूनच तिने जागा घेतली होती. नवे पालक यायचे, म्हणायचे, मावशी, तुमच्यामुळे शाळा आता दर महिन्याला मुलांना मागच्या दाराने बाहेर काढायचा सराव घेते, केवढी समाजसेवा! मावशी म्हणायची, "सेवाबिवा काही नाही. सूड आहे. सेवा तुम्ही करा."

मग एका रविवारी, भर दुपारी, ते धावत आले. अनवाणी. भांग विस्कटलेला. मी टपरीच्या फळीवर बसले होते.

"माझी नात... खोलीत अडकलीय. आतून कुलपाचा खटका पाडलाय तिने. आधी रडत होती, आता आवाजच येत नाही."

हत्यारांची पिशवी मावशीच्या पायाशीच होती. तिने तिला हात लावला नाही.

"चावी नाही खोलीची?"

"आहे. लावून बघितली. फिरत नाहीये."

"घाबरला असाल," मावशी म्हणाली.

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"माणूस घाबरलं की चावी फिरत नाही. तुम्हीच लिहिलंय, साहेब. सावकाश लावून बघा. तुमच्याकडे धूर थोडाच आहे?"

"मावशी, चल ना," मी म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"चावी..." त्यांची नजर खिळ्याला टांगलेल्या चावीवर गेली. "चावी चुकीची होती."

"इस्त्रीवाल्याला ऐकू आलं नाही."

"चावी चुकीची होती! कुलूप मीच बदलून घेतलं होतं, डबीतली चावी राहिली. मला त्याच दिवशी कळलं होतं. बाईंचा काही दोष नव्हता. आता तरी चला हो!"

मग ती उठली. गल्लीतून ती त्यांच्याही पुढे धावत होती. दार उघडायला तिला एक मिनिटही लागलं नाही. नात आजीची पावडर तोंडाला फासून पलंगाखाली गाढ झोपली होती.

चौथ्या दिवशी त्यांनी ते सगळं लिहून, सही करून आणून दिलं. मावशीने कागद चित्रकलेच्या बाईंकडे पोचवला. बाईंनी तो दोनदा वाचला. "अकरा वर्षांनी मी याचं काय करू?" असं म्हणाल्या, पण परत दिला नाही.

ताई तोवर नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. मी तिला फोनवर सगळं सांगितलं आणि तिने लगेच आईला फोन लावला.

"किती वेळ बसून राहिलीस?"

"असतील दोन-तीन मिनिटं."

"आई, ती चार वर्षांची आहे."

"तू दहा वर्षांची होतीस."

"माझं नाव सांगून हे करू नकोस," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. चार महिने ती आली नाही. मावशीला पश्चात्ताप झाला असं मी लिहिणार नाही, कारण तिने मला स्पष्ट सांगितलं होतं, "पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसेन." पण त्या रविवारी संध्याकाळी तिने भरलं ताट तसंच सरकवलं, हेही मी पाहिलं आहे.

पुढच्या वर्षी तिच्या छातीचं दुखणं निघालं. ताई रजा टाकून आली. दोघी त्या विषयावर बोलल्या नाहीत. ताई उशा नीट करायची, मावशी तिला त्यावरून टोमणे मारायची. शेवटच्या दुपारी ताई पलंगाशी बसून औषधाची नवी बाटली उघडत होती. बाटली काखेत धरून, वाकड्या बोटांनी झाकणाशी झटत होती. मी पुढे झाले, तर मावशीने मला नजरेनेच थांबवलं.

"नुसतं ओढत काय बसलीस," ती ताईला म्हणाली. "आधी दाब, मग फिरव."