पियानोला तेल

माझ्या दादाने आयुष्यभर शिलाई मशीनच्या कारखान्यात फिटरचं काम केलं, त्यामुळे कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध होतं: तेल. दार करकरलं, तेल. कुलूप अडलं, तेल. माझ्या नवऱ्याचा गुडघा धरला होता, तेव्हाही त्याने कुपीकडे नजर टाकली होती. निवृत्त झाल्यावर तर घरात काही बिघडलेलं सापडलं नाही की त्याला करमेनासं व्हायचं.

वहिनीचा पियानो माहेरून आलेला, भिंतीला लागून उभा राहणारा. बाहेरच्या खोलीत ती आसपासच्या मुलींना शिकवायची. लग्नानंतर दादाच्या पाळ्या सांभाळायला तिने नोकरी सोडली, पण शिकवणी सोडली नाही. शिकवणी चालू असताना दादानेसुद्धा हाक मारायची नाही, हा त्या घरात तिचा म्हणावा असा एकमेव नियम. तो दादाला कधीच पचला नाही. "बाईसाहेब वर्गात आहेत," असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

एकदा हवा फार दमट झाली आणि मधल्या काही पट्ट्या दगा द्यायला लागल्या. पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर आपटून लगेच मागे यायला हवी. या हातोड्या पुढेच अडकून राहायच्या. वहिनी म्हणाली, ट्यूनरला बोलावते. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"घरात फिटर असताना बाहेरचा माणूस? लोक काय म्हणतील?"

त्याने पुढची फळी उतरवली. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. त्याला काम येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकेक हातोडी हलवून घट्ट कुठे होतंय ते त्याने बरोबर हुडकलं. हातोडी एका बारीक पिनेवर झुलते आणि त्या पिनेभोवती लोकरी कापडाचं इवलंसं अस्तर असतं. ओलीने ते फुगलं होतं.

"अहो, तिथे तेल नको. कापड आहे ते," वहिनी म्हणाली.

"तू वाजवायचं बघ. यंत्राचं मी बघतो."

आणि नुसत्या अडकलेल्याच नाही, सगळ्या हातोड्यांना त्याने तेल पाजलं. पुढे कटकट नको म्हणे.

त्या संध्याकाळी पियानो झकास वाजला. दादाने शेजाऱ्यांना बोलावून शेखी मिरवली. वहिनीही हसत होती, तेच मला अजून खुपतं.

पुढे तेल पिऊन कापड आणखी फुगलं, चिकट झालं आणि अख्खी रांग जाम झाली. शेवटी ट्यूनर आला. म्हातारा, कमी बोलणारा. त्याने एक हातोडी ढकलली आणि बोट हुंगलं.

"तेल कोणी घातलं?"

दादा खिडकीबाहेर बघायला लागला.

"मी," वहिनी म्हणाली.

"एकूण एक अस्तर बदलावं लागेल. माझे हात आता थरथरतात, आणि दुसरा कोणी हे करणारा मला माहीत नाही."

दादा वळला. मला वाटलं, आता तरी खरं बोलेल.

"तुला कोणी सांगितलं होतं नसत्या भानगडीत पडायला?"

तेही परक्या माणसाच्या देखत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण वहिनीने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

मुली यायच्या बंद झाल्या. आता पियानोवर इस्त्रीचे कपडे असतात, आणि दादा तिला कधीही हाक मारतो. कोणी विचारलं तर सांगतो, "हिने तेल घातलं आणि वाट लावली."

परवा मला राहवलं नाही. वहिनीसमोरच म्हटलं, "दादा, तेल तू घातलंस. मी बघत होते."

तो गोंधळला. सोंग करतानाचा त्याचा चेहरा मला लहानपणापासून ठाऊक आहे, हा तो नव्हता.

"असं कसं? तिनेच कबूल केलं ना, तुझ्यासमोर?"

मी वहिनीकडे पाहिलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"जाऊ द्या ताई," ती म्हणाली. "आता मलाही तसंच आठवायला लागलंय."